खारी आणि दूर्वांचा लेप

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर एखादी बाई कुत्र्यावर ओढणी टाकून बसलेली दिसली, की मी समजून जाते. त्या कुत्र्याला थंडी वाजत नसते. पावसाळ्यातल्या उकाड्यात मीरा रोडला कुणाला थंडी वाजणार? ते कुत्रं लोकांना दिसू नये म्हणून ती ओढणी असते. मीही टाकली होती. माझी तर चांगली ठेवणीतली, जांभळी ओढणी होती आणि आमचा नंबर लागेपर्यंत खारीने खाजवून खाजवून तिच्या चिंध्या केल्या.

हे लिहितेय ते अशा बायकांसाठी. पुरुषांसाठीही, पण पुरुष ओढणी टाकत नाहीत. ते कुत्र्याला घेऊन दवाखान्याबाहेर पायरीवर उभे राहतात आणि मोबाइलमध्ये बघतात.

औषधांची नावं मी लिहिणार नाही. तुमच्या कुत्र्याला काय द्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील. मला एवढंच सांगायचंय, की आमच्या खारीला जे झालं त्याची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी तिचे जास्त हाल झाले. आता तिचे केस पुन्हा आलेत. माझी लाज अजून आहे, फक्त तिची जागा बदललीय.

*

खारी हे नाव निखिलने ठेवलं. निखिल आमचा मुलगा. नोकरीला लागला त्या वर्षी काशीमीऱ्याला गाडी दुरुस्तीला टाकायला गेला आणि गॅरेजच्या मागून हे पिल्लू उचलून घेऊन आला. रंग बेकरीतल्या खारीचा, आणि कडेवर घेतलं की अंगभर केसांचा चुरा, म्हणून खारी. आमचे हे तेव्हा दारातच म्हणाले, "घरात एक तर ती राहील, नाहीतर मी." पुढे निखिलची बदली बंगलोरला झाली. खारी राहिली, हेही राहिले, आणि ह्यांच्या चहातलं पहिलं बिस्किट तिला जायला लागलं.

आम्ही शांती नगरात राहतो. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. त्यावर टॉवर होणार, टॉवर होणार असं ऐकता ऐकता आम्ही म्हातारे झालो. पावसाळ्यात तिथे दूर्वा माजतात. मी मूळची रायगडातली, माणगावकडची. दूर्वा विकत आणायच्या म्हणजे माझ्या अगदी जिवावर येतं. म्हणून दर गणपतीत मी त्या प्लॉटवर जाऊन बसायची, कोवळ्या दूर्वा खुडायची, जुड्या बांधायची आणि बिल्डिंगमधल्या सगळ्या गणपतीवाल्या घरांत वाटायची. मराठी, गुजराती, कानडी, सगळ्यांना. अर्ध्या बिल्डिंगला माझं नाव कुंदा आहे हे ठाऊक नाही. दूर्वावाल्या काकू म्हणतात. ते मला फार आवडायचं, आता कशाला खोटं बोलू.

खारी माझ्याबरोबर यायची. मी खुडत बसले की ती शेजारी पाठीवर पडून, चारी पाय आभाळाकडे करून लोळायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकाने दाखवायची, "बघा, बाप्पाच्या दूर्वांत कशी सुखात आहे."

*

पहिल्या पावसाळ्यात ती नुसते पंजे चाटायची. आम्हाला वाटलं, सवय. दुसऱ्या वर्षी कान झाडायला लागली, सोफ्याच्या कडेला तोंड घासायला लागली. मी तिला रागवायची, कारण सोफ्याचं कापड निघत होतं. दिवाळीच्या पुढेमागे सगळं आपोआप थांबलं. थांबलं म्हणून आम्ही विसरलो. जे दर वर्षी येतं आणि आपणहून जातं त्याला आजार म्हणायचं माणसाच्या डोक्यातच येत नाही.

आता मागे बघितलं की सगळं लख्ख दिसतं. तिच्या पंजांवरचे पांढरे केस चाटून चाटून तांबूस झाले होते आणि मी म्हणायची, चिखलाचा डाग असेल. कानाला आंबूस वास यायचा आणि मी म्हणायची, पावसाळ्यात कुठल्या कुत्र्याला वास येत नाही? तुमच्याकडे असं काही होत असेल आणि ते साधारण त्याच महिन्यांत पुन्हा होत असेल, तर चिखलाला दोष देऊ नका. दवाखान्यात जा.

तिसऱ्या वर्षी मात्र श्रावण लागला आणि खारीने आमची झोप, जेवण, सगळं ताब्यात घेतलं. पोटाखाली लाल चट्टे. काखेत केस गेलेले. बसली की खाजवायची, उठली की खाजवायची, चालता चालता मध्येच फतकल मारून खाजवायची. मागच्या पायाची नखं फरशीवर आपटून टकटक टकटक आवाज यायचा. फोनवर निखिल विचारायचा, "आई, घरात सुतार लावलेत का?"

तो म्हणाला, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, बघू. कारण माझ्याकडे औषध होतं.

माझ्या सासूबाईंचं औषध. अंगाला खाज सुटली, घामोळं आलं, पित्त उठलं, की त्या ताज्या दूर्वा आणि हळद एकत्र वाटून त्याचा लेप लावायच्या. निखिल लहान असताना मी त्याला लावलाय, ह्यांना लावलाय, आणि गुण आलाय. दूर्वा दाराशी, हळद डब्यात. मी प्लॉटवरून ओंजळभर दूर्वा आणल्या, मिक्सरमधून काढल्या आणि खारीला बाथरूममध्ये धरून पोटाला, काखेत, पंजांच्या बेचक्यांत लेप थापला. ती ओरडली. कधी ओरडत नाही अशी ओरडली. मी म्हटलं, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.

दुसऱ्या दिवशी चट्टे वाढले होते.

हे म्हणाले, "कुंदा, जास्त लाल झालीये गं ती."

"बाहेर पडतंय ते. उष्णता बाहेर पडते तेव्हा असंच दिसतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या आईने."

ह्यावर हे काय बोलणार! मी लेप दाट केला. घरातल्या चादरी, सोफा, ह्यांचे लेंगे, सगळं पिवळं झालं. खारीने मला मिक्सरकडे जाताना बघितलं की ती पलंगाखाली शिरायची, आणि मी तिला पाय धरून बाहेर ओढायची. माझ्या हातांनीच ओढायची. हे लिहायचं नव्हतं, पण हे वगळलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

*

मग बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला. पाळीव जनावराला त्वचारोग असेल तर कृपया लिफ्ट वापरू नये, घरात लहान मुलं आहेत. खाली हात जोडल्याची चित्रं. मेसेजमध्ये कुणाचं नाव नव्हतं. बिल्डिंगमध्ये कुत्री एकच होती.

ज्या बिल्डिंगमध्ये माझ्या नावाने दूर्वा वाटल्या जातात, तिथे माझ्या घरात खरूज आहे असं लोक बोलतायत, हे मला सहन होईना. मी खारीला निखिलचा जुना टी-शर्ट घालायला लागले. गॅलरीत सोडेना. पाहुणे आले की तिला बेडरूममध्ये कोंडायचं आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा, म्हणजे ती टकटक ऐकू जायला नको. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "झोपलीये."

आणि एकदा पाऊस कोसळत होता, जिन्यात पाणी आलं होतं, म्हणून आम्ही लिफ्टने निघालो. मी, हे आणि खारी. दुसऱ्या मजल्यावर हेतल आत आली. तरुण मुलगी, नुकतीच भाईंदर पूर्वेहून आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायला आलेली. कडेवर तिची छोटी. छोटीने खारीकडे हात केला. हेतलने तिचा हात मागे घेतला, जरा हसली आणि मला विचारलं, "आंटी, ये आपका है?"

मी म्हटलं, "नहीं नहीं. बेटे के दोस्त का है. दो दिन के लिए आया है."

लिफ्ट खाली चालली होती. खारी शेपूट हलवत होती. माझा आवाज ऐकला की ती हलवतेच.

खाली आल्यावर ह्यांनी माझ्या हातातून पट्टा घेतला. हिसकावला नाही, नुसता घेतला. "तू वर जा. पाऊस आहे," म्हणाले. त्या दिवसापासून तिला फिरवायला हेच जायला लागले. ते माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. हे भांडले नाहीत. दूध संपलंय, बिल भरलंय, एवढंच बोलायचे, आणि पट्ट्याला मला हात लावू द्यायचे नाहीत.

*

माझा भाऊ, दादा, पेणहून गणपतीच्या मूर्ती घेऊन टेम्पो भाईंदरला आणतो. गणपतीच्या दोन-तीन आठवडे आधी त्याच्या फेऱ्या चालू होतात आणि परत जाताना टेम्पो रिकामा असतो. फोनवर मी त्याच्यापाशी रडगाणं गायले.

"आगं मग दे की धाडून गावाला," दादा म्हणाला. "हितं मोकळं रान हाय. गवतात लोळंल, आपोआप बरी होईल. तुमच्या त्या डब्यात जनावर ऱ्हाईल कसं नीट?"

मला पटलं. खोटं सांगत नाही, सुटल्यासारखं वाटलं. ह्यांना सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "निखिलला विचार." निखिल फोनवर म्हणाला, "तुम्हाला झेपत नसेल तर मी काय बोलणार, आई?" दोघांनीही नाही म्हटलं नाही, आणि मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

अडलं ते वहिनीपाशी. तिचा निरोप आला, "आधी डॉक्टरला दाखवून आणा. आमच्या गोठ्यातल्या गुरांना लागायला नको."

म्हणून मी खारीला दवाखान्यात नेलं. ती बरी व्हावी म्हणून नव्हे. तिला घालवता यावं म्हणून. लोक म्हणतात, तुम्ही किती करता हो मुक्या जनावराचं. मी तेव्हा विषय बदलते.

*

हे पट्टा धरून, मी ओढणी धरून, असे आम्ही बाकावर बसलो. मंगळवार होता. येताना देवळात द्यायची म्हणून दूर्वांची जुडी माझ्या पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळलेली होती.

डॉक्टर एक तिशीची मुलगी. हिंदीत बोलायची, अधूनमधून मराठीत, भराभर. खारीला टेबलावर घेतलं, ओढणी बाजूला केली आणि विचारलं, "घर पे कुछ लगाया है?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "मतलब, कुछ भी नहीं."

डॉक्टरने खारीचं पोट दाखवलं. "तो ये पीली क्यों है?"

हे भिंतीवरच्या पोस्टरकडे बघायला लागले. मला वाटलं, ह्या टेबलाखाली जागा असती तर मीच जाऊन बसले असते. मग सांगितलं. हळद. आणि दूर्वा. डॉक्टरला दूर्वा हा शब्द कळला, पण तिला खात्री करायची होती. "कौनसी घास? दिखा सकते हैं?" मी पिशवीतून जुडी काढून टेबलावर ठेवली, वर तिला समजावलंही, की आम्ही कोवळीच खुडतो, तुरा आलेली देवाला चालत नाही.

"और तुरेवाली? वो भी होती है वहाँ?"

"भरपूर. सगळा प्लॉट भरलाय."

"और ये उसमें जाती है?"

"लोळते," हे म्हणाले. दवाखान्यात शिरल्यापासूनचा त्यांचा तो पहिला शब्द.

डॉक्टरने जुडी उचलून लांब, बेसिनपलीकडे ठेवली आणि हात धुतले. मग ती खारीची कातडी जराशी खरवडून आत घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, खरूज नाही. किडे नाहीत. हे कुणालाच लागणार नाही, माणसाला नाही, गुरांना नाही. ही ॲलर्जी आहे. तिने एकेक विचारत नेलं. कोणत्या महिन्यात सुरू होतं, कधी थांबतं, आधी पंजे की आधी कान. आम्ही दोघं आठवून सांगत गेलो आणि सांगता सांगताच मला कळायला लागलं. श्रावणात सुरू. गणपतीत जास्त. दिवाळीला बंद. दर वर्षी. मी जेव्हा जेव्हा तिला घेऊन त्या प्लॉटवर बसले, तेव्हा तेव्हा.

"यानी दूर्वा से हुआ?" मी विचारलं.

"सिर्फ उसी से, ऐसा पक्का नहीं बोल सकती. पावसाळ्यात बुरशीपण असते, धूळपण. पण हे गवत आणि त्याचा पराग, हे कुत्र्यांना खूप त्रास देतं. और आपने तो," ती थांबली, तिने शब्द बदलला असावा, "आपने तो अच्छे के लिए ही लगाया था."

ती रागावली असती तर मी काहीतरी उलट बोलले असते. तिने मला तेवढीही सोय ठेवली नाही.

मग ह्यांनी विचारलं, "गावाला पाठवायचं चाललंय. चलेगा?"

"गाँव में कहाँ रहेगी?"

"शेतावर."

डॉक्टरने बेसिनपलीकडच्या जुडीकडे बघितलं. "अंकल, वहाँ तो चारों तरफ यही है."

टेबलावर खारी माझा हात चाटत होती. सकाळी दूर्वा खुडलेला हात. मी तो ओढून घेतला, आणि तिला वाटलं मी खेळतेय, म्हणून ती पुन्हा पुढे आली. मी तिथेच, कंपाउंडरसमोर, रडले. ह्यांनी ती फाटकी ओढणी घडी करून माझ्या हातात दिली.

*

दादाचा टेम्पो आला आणि रिकामा गेला. "कुत्रीला गवताची ॲलर्जी?" तो म्हणाला. "उद्या आमची म्हस म्हनंल, मला पेंढा नको, बिर्यानी आना." जाताना मात्र खारीच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

डॉक्टरने बजावलं होतं, की हा आजार बरा होऊन संपत नाही, तो सांभाळायचा असतो. पुढच्या पावसाळ्यातही येईल, तेव्हा आधीच तयार राहायचं. ते सांभाळणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्यासारखीला तेच हवं असतं. प्लॉट बंद, फिरणं फक्त पक्क्या रस्त्यावर. दाराबाहेर कोमट पाण्याचं घमेलं. बाहेरून आली की चारी पाय त्यात बुडवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, पोट ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं. औषधी शाम्पूची अंघोळ. कानात थेंब. पोळीच्या तुकड्यात लपवलेली गोळी, जी ती पोळी खाऊन अलगद जमिनीवर ठेवायची. आणि अंग चाटता येऊ नये म्हणून गळ्यात तो प्लॅस्टिकचा कर्णा, जो दाराला, टेबलाला, माझ्या पोटऱ्यांना आपटायचा.

पाय धुवायचं काम ह्यांनी घेतलं. गुडघे दुखतात तरी खाली बसून एकेक पंजा हातात धरायचे. मी टॉवेल घेऊन उभी राहायची. एकदा ते म्हणाले, "हा पंजा तू पूस, मला वाकवत नाही." त्यांना वाकवत होतं. एवढ्यावरच आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

ग्रुपवरही त्यांनीच लिहिलं, की हा लागणारा आजार नाही, डॉक्टरांनी तपासलंय, कुणाला शंका असेल तर आमच्याकडे चहाला या. चहाला कुणी आलं नाही, पण ती हात जोडल्याची चित्रंही पुन्हा आली नाहीत.

खारीचे चट्टे सुकायला लागले. टकटक कमी झाली. आणि गणपती तोंडावर आले.

*

आता सांगते ते मूर्खपणाचं आहे. सगळं कळल्यावरही मी प्लॉटवर गेले. खारीला घरी ठेवलं, एकटी गेले, म्हटलं ह्यात काय बिघडतं? लोक वाट बघत असतील. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारूनही गेल्या होत्या. थोड्या दूर्वा खुडल्या, नमुन्याला, की यंदा कशा आल्यात. घरी आले आणि तशीच सोफ्यावर टेकले. खारीने येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, कर्ण्यासकट. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजले होते आणि हनुवटी लाल. तुरे माझ्या ड्रेसला चिकटून आले होते.

ह्यांनी घमेल्याशेजारी पडलेल्या माझ्या चपला फक्त उचलून बघितल्या. तळाला गवत होतं.

मग मी ग्रुपवर लिहिलं, की यंदा दूर्वा देऊ शकत नाही. कारण लिहायला गेले आणि बोटं अडली. बाप्पाच्या दूर्वांनी आमच्या कुत्रीला खाज सुटते, असं गणपतीच्या तोंडावर लिहायचं? लोक हसतील. कुणाला राग येईल. आणि ज्या कुत्रीला मी मुलाच्या मित्राची म्हणून सांगितलं, तिच्यासाठी दूर्वा बंद? मी लिहिलं, "माझे गुडघे फार दुखतायत."

भराभर उत्तरं आली. काळजी घ्या काकू. आराम करा आंटी. एकीने तेलाची बाटली आणून दिली. मी ती घेतली आणि लंगडत आत गेले. आपल्याच घरात, आपल्याच दारापासून लंगडत.

*

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. ह्यांनी बाजारातून जास्वंदीची फुलं आणली, लाल, टपोरी. दूर्वांची जागा रिकामी राहिली. मी बाप्पासमोर हात जोडले आणि मनात काय बोलावं ते सुचेना. हे देवधर्मातले नव्हेत, पण मागून म्हणाले, "त्याला सांगायची गरज नाही, कुंदा. त्याचं वाहन उंदीर आहे. त्याला जनावरांचं कळतं."

सकाळची आरती झाली. दोन-चार शेजारी बसले होते, मी मोदकांच्या ताटाशी होते. खारी बेडरूममध्ये. सवयीने मीच कडी लावली होती. आतून कर्णा दाराला आपटल्याचा आवाज येत होता आणि सगळे न ऐकल्यासारखं करत होते. हे उठले आणि त्यांनी कडी काढली.

ती बाहेर आली. अर्धे केस आलेले, अर्धे यायचे राहिलेले, डोळे अजून जरा सुजलेले. टीपॉयला धडकत, कुणाच्या गुडघ्याला घासत माझ्यापाशी आली आणि बसली. मी ताटाकडे बघत राहिले.

तेवढ्यात दारात हेतल. नवी साडी, केसांत गजरा, आणि हातात स्टीलचं ताट. ताटात दूर्वा. ढीगभर. तिचा श्वास फुललेला होता.

"आंटी, आपके घुटने में दर्द है ना, तो मैं ही लेके आयी. पीछे प्लॉट से. मला नीट खुडता नाय आलं, तुरेवाले पण आले असतील. पर आपके बाप्पा बिना दूर्वा के कैसे?" आणि ती उंबऱ्यावर पाय ठेवायला लागली.

मी ताडकन उठले. "आत आणू नकोस!"

माझा हात पुढे झाला होता, थांब म्हणून. बाप्पाच्या दिवशी, दूर्वा घेऊन दारात आलेल्या पोरीला. तिचा चेहरा उतरला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या गुडघ्यांकडेही बघत असणार, कारण मी चांगली उडी मारूनच दारापर्यंत पोचले होते.

"दूर्वा अंदर मत ला," मी म्हटलं. "खारीला त्रास होतो. तिला त्याची ॲलर्जी आहे. घुटना वगैरह कुछ नहीं है मेरा."

"खारी?"

"ही." मी खाली हात केला आणि तो कर्ण्याच्या कडेला लागला. "ये हमारी है. किसी दोस्त की नहीं है. पहिल्यापासून आमचीच आहे. लिफ्ट में मैंने तुझसे झूठ बोला."

हेतलने ताट हळूच बाहेर, चपलांच्या रॅकवर ठेवलं. साडीला लागलेले तुरे झटकले. तिला राग आला नव्हता, जरा अवघडली होती, मोठ्या बाईने असं बोलून दाखवल्यावर अवघडतात तशी.

"लिफ्टवालं तर मला तेव्हाच कळलं होतं, आंटी," ती म्हणाली. "आपने 'नहीं' बोला, फिर भी वो आप ही को देख रही थी."

ती हात धुऊन, साडी बदलून येते म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी दारातच उभी राहिले. आत वळून कुणाच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना, म्हणून मी खाली बघितलं. खारी कर्ण्यातून मान वर करून माझ्याकडेच बघत होती.